सोयाबीनच्या भुसकटावर धिंगरी अळिंबी: सातारा-सांगलीकडच्या नवख्यांसाठी

ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी उरकली की खळ्याच्या कडेला भुसकटाचा ढीग उरतो. थोडं जनावरांपुढे जातं, थोडं उकिरड्यावर आणि बाकीच्याला काडी ओढली जाते. त्यातलं दहा किलो कोरडं भुसकट बाजूला काढून झाकून ठेवलं, तर धिंगरीची, म्हणजे ऑयस्टर मशरूमची, पहिली खेप घेण्यापुरता माल घरातच तयार झाला. विकत लागतं ते मुख्यतः बियाणं, पिशव्या आणि एक तापमापक.

धिंगरी मुळात लाकडावर वाढणारी बुरशी आहे. काडातलं सेल्युलोज आणि लिग्निन फोडून ती पोट भरते, म्हणून तिला शेणखत, माती किंवा कंपोस्ट लागत नाही. बटण मशरूमचं तसं नाही. त्याला आठवडे-आठवडे कुजवून केलेलं कंपोस्ट लागतं, वर मातीचा थर आणि फळं धरताना १८ अंशांच्या आतबाहेरची थंडी. सांगलीत ती थंडी विकत घ्यावी लागते. नवख्याने बटणच्या वाटेला जाऊ नये.

काड फुकट मिळते म्हणून कुठलीही चालते, असं मात्र नाही. खेप वाया जाते ती बहुतेक वेळा दोनच कारणांनी: काड आधीच बुरशीने धरलेली होती, किंवा पिशवीत जास्त ओली भरली.

कुठली काड घ्यावी

या दोन जिल्ह्यांत सोयाबीन पहिल्या पसंतीची. गव्हाच्या भुशापेक्षा तिच्यात नत्र जास्त असतं आणि उत्पन्नही सहसा बरं येतं. दोष दोन. मळणी यंत्रातून आलेल्या भुसकटात फुटके दाणे आणि शेंगांचा चुरा असतो. भिजल्यावर आधी तो आंबतो आणि त्याच्यावरच हिरवी बुरशी धरते, म्हणून भुसकट मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळून दाणे व धूळ काढून टाकावी. दुसरा दोष काड्यांच्या टोकांचा. ती पिशवीला भोकं पाडतात, त्यामुळे फार पातळ पिशवी घेऊ नये.

परतीच्या पावसात भिजलेली काड नंतर कितीही कडक वाळवली तरी घेऊ नका. भिजल्यावर तिच्यावर जी बुरशी आली, तिचे बीजाणू वाळल्यावरही जिवंतच असतात. मूठभर काड नाकाशी धरून बघावी. कोरड्या गवतासारखा वास आला तर ठीक, ओल्या गोणपाटासारखा कुबट आला तर ती खताच्या खड्ड्यात. रंग सोनेरी किंवा फिकट तपकिरी हवा, काळे ठिपके नकोत, आणि काड त्याच हंगामातली हवी.

गव्हाचा भुसा मार्चनंतर मिळतो आणि काम चोख देतो, फक्त अगदी बारीक पीठ झालेला घेऊ नये, कारण तो पिशवीत दाबून बसतो आणि हवा खेळत नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळ्याकडे भाताचा पेंढा मिळतो. तो ३ ते ५ सेंटीमीटरचे तुकडे करून वापरावा. पेंढा मऊ असल्याने पाणी पटकन पितो आणि तितक्याच पटकन गच्च होतो, त्यामुळे निथळायला जास्त वेळ द्यावा लागतो.

कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात पहिला प्रश्न येतो तो उसाच्या पाचटाचा. पाचटावर धिंगरी येते, पण पानाला मेणचट थर आणि सिलिका असल्याने पाणी सावकाश मुरतं. कुट्टी करून १६ ते १८ तास भिजवावं लागतं आणि बुरशीही उशिरा पसरते. पहिली खेप पाचटावर घेऊ नये. पुढे घ्यायची झाली तर अर्धं पाचट, अर्धं सोयाबीन असं मिश्रण करून बघावं. शिवाय खोडव्यात पाचट आच्छादन म्हणून जागेवरच ठेवणं जमिनीच्या जास्त हिताचं. जाळून टाकायचं असेल तेवढंच मशरूमला आणावं.

ज्वारीचा कडबा चालतो, पण माण, खटाव, जत, आटपाडीत तो जनावरांचा घास आहे. त्याला टाकाऊ म्हणणं बरोबर नाही. मक्याची बुरकुंडं फोडून आणि भुईमुगाची टरफलं मिश्रणात पाव हिश्श्यापर्यंत चालतात. टरफलांना माती चिकटलेली असते, ती आधी धुवावी. उसाच्या चिपाडात थोडी साखर उरलेली असते आणि साखर म्हणजे इतर बुरश्यांना आमंत्रण, म्हणून ती चुलीत घालावी. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या नकोच. वर्षभर बागेवर बुरशीनाशकांच्या फवारण्या झालेल्या असतात आणि आपल्याला वाढवायची आहे तीही बुरशीच. हळदीचा पाला भरपूर मिळतो, पण त्यात सुगंधी तेलं असतात, बऱ्याचदा करपाही असतो आणि भिजल्यावर त्याचा लगदा होतो. नवख्याने त्याच्या नादी लागू नये.

हंगाम आणि खोली

धिंगरीला साधारण २० ते २८ अंश तापमान आणि फळं धरताना हवेत ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. सुरुवातीला नोव्हेंबर उत्तम: काड ताजी, दिवस उबदार, रात्री गार, माश्या कमी. पावसाळ्यात आर्द्रता आपोआप मिळते, पण माश्यांचा त्रास वाढतो. मार्च ते मे या काळात सांगली, मिरज, जत भागात नवख्याने खेप लावू नये. गोणपाट दिवसातून पाच वेळा भिजवूनही खोली तीसच्या खाली येत नाही. महाबळेश्वर-पाचगणीकडे उलटी अडचण. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की पाणी द्यायचं नसतं, उलट हवा खेळवावी लागते.

दहा किलो काडाचे नऊ-दहा बेड, म्हणजे काड आणि बियाणं भरलेल्या पिशव्या, होतात. त्यांना आठ बाय आठ फुटांची खोली पुरून उरते. जुनं मातीच्या भिंतींचं घर असेल तर फारच छान. कौलारू किंवा पत्र्याची खोली असेल तर वर पाचटाचा जाड थर टाकावा. लागणाऱ्या गोष्टी अशा: समोरासमोर दोन झरोके किंवा खिडक्या, त्यांना बारीक जाळी, धुता येणारी फरशी किंवा वाळूचा थर, आणि बेड टांगायला आडवी काठी. उकिरडा आणि गोठा खोलीपासून जितका लांब तितकं बरं. बेड भरायच्या आठवडाभर आधी भिंतींना चुना मारून खोली बंद ठेवावी.

बियाणं

अळिंबीचं बियाणं, म्हणजे स्पॉन, गव्हाच्या किंवा ज्वारीच्या उकडलेल्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी असते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी सुधार प्रकल्पाचं केंद्र आहे. तिथे चौकशी करावी. जवळ हवं असेल तर कराडजवळच्या कालवडे किंवा मिरज तालुक्यातल्या कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावं. खासगी विक्रेत्याकडून घेताना तयार झाल्याची तारीख आणि जात दोन्ही विचारा. नुसतं “मशरूम बियाणं” म्हणून देणाऱ्याकडून घेऊ नका.

थंडीसाठी फ्लोरिडा जात चांगली. पांढरी शुभ्र येते आणि फळं २५ अंशांच्या आत छान धरते. साजोर-काजू २२ ते ३० अंशांत चालते आणि नवख्यांच्या चुका जास्त सोसते. गुलाबी धिंगरी ऊन सहन करते, पण काढल्यावर लवकर मलूल पडते आणि तिचं बियाणं फ्रीजमध्ये टिकत नाही. पहिल्या खेपेला साजोर-काजू घ्यावी.

चांगल्या पाकिटात प्रत्येक दाणा पांढऱ्या जाळीत गुंडाळलेला दिसतो आणि ताज्या अळिंबीसारखा वास येतो. पिवळं पाणी साठलेलं असेल तर बियाणं म्हातारं. हिरवा, काळा किंवा नारिंगी ठिपका दिसला तर पाकीट न उघडता परत करावं. “तेवढा भाग काढून टाका” या सल्ल्याला अर्थ नाही, बीजाणू पाकीटभर पसरलेले असतात. आणताना पिशवीला हवा लागू द्यावी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बियाणं मरतं. बियाणं हातात पडेपर्यंत काड भिजत घालू नये. पार्सल एक दिवस उशिरा आलं की भिजलेली काड आंबते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

दहा किलो कोरड्या काडासाठी सामान

बियाणं १ किलो. ओल्या काडाच्या वजनावर २ टक्क्यांच्या हिशेबाने साधारण साडेपाचशे ग्रॅम पुरतं, पण पहिल्या खेपेला ३ टक्के टाकावं. धिंगरी जितक्या लवकर पसरेल, तितकी दुसऱ्या बुरशीला जागा कमी. १४ बाय २२ इंची पारदर्शक प्लास्टिक पिशव्या १०, सुतळी, दाभण, २०० लिटरचा लोखंडी ड्रम, दोन-तीन स्वच्छ बारदानाची किंवा जाळीदार पोती, लांब दांडीचा तापमापक, आर्द्रतामापक, लटकता वजनकाटा, स्पिरिट आणि मास्क. ड्रम रसायनाचा असेल तर घेऊ नका. कितीही धुतला तरी नाही.

भिजवणं आणि तापवणं

काड पोत्यात सैलसर भरून, तोंड बांधून, वर दगड ठेवून गार पाण्यात बुडवावी. सोयाबीन व गहू ८ ते १० तास, भात ६ ते ८. पिण्यालायक पाणी वापरा. क्षारपड भागातल्या मचूळ विहिरीचं नको. संध्याकाळी भिजत घालून सकाळी उपसलं की वेळ नेमका बसतो. पाणी चहासारखं तपकिरी होतं, त्याची काळजी नको. आंबट वास यायला लागला तर मात्र काड जास्त वेळ भिजली.

दरम्यान ड्रममध्ये पाणी तापत ठेवावं. सरपण विकत आणायला नको. तुराट्या, बुरकुंडं आणि वर सांगितलेली चिपाडं इथे कामाला येतात. पाणी ८५ अंशांवर आलं की पोतं आत सोडावं. गार पोतं पडताच तापमान झर्रकन खाली येतं. घड्याळ लावायचं ते पाणी पुन्हा ८० वर चढल्यावर, आणि तापमापक ड्रमच्या कडेला नाही तर पोत्याच्या पोटात खुपसून बघायचा. तिथे ८० दिसल्यापासून एक तास. या एका ठिकाणी घाई झाली की दहा दिवसांनी पिशव्या हिरव्या होतात.

रटरट उकळून काढू नये. तास-दोन तास उकळल्याने काडातली विरघळणारी पोषणद्रव्यं निघून जातात आणि उष्णता सोसणारे निरुपद्रवी जिवाणूही मरतात. मग रिकाम्या जागेवर हवेतून पहिली येईल ती बुरशी बसते. आपल्याला काड पूर्ण निर्जीव करायची नसते, धिंगरीच्या स्पर्धकांना मागे ढकलायचं असतं.

बऱ्याच पत्रकांत १०० लिटर पाण्याला ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिलिलिटर फॉर्मेलिन घालून काड १६ ते १८ तास झाकून ठेवायची पद्धत दिलेली असते. काम होतं. पण फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांना, छातीला घातक आहे, आणि खायचा माल घराच्या पडवीत करणाऱ्याने ती हाताळू नये असंच आमचं मत. सरपण खरंच नसेल तर त्यापेक्षा चुना बरा: १०० लिटर पाण्यात १ किलो विरलेला चुना ढवळून त्यात काड १६ ते १८ तास बुडवायची. पाण्याचा सामू (pH) बाराच्या आसपास जातो आणि बहुतेक बुरश्या टिकत नाहीत. रबरी हातमोजे हवेतच, डोळ्यांत उडू देऊ नये. चुना ताजा हवा. उघड्या पोत्यात महिनोन्महिने पडलेला चुना हवेशी मिळून निकामी झालेला असतो.

ओलावा

या भागासाठी हातात वजनकाटा ठेवा.

गरम पोतं बाहेर काढून स्वच्छ खाटेवर किंवा तिरक्या जाळीवर निथळत ठेवावं. काडात ६५ ते ७० टक्के पाणी राहायला हवं. हे डोळ्यांनी कळत नाही, वजनाने कळतं. वाळलेल्या काडातही साधारण १० टक्के पाणी असतं, म्हणून १ किलो कोरडी काड निथळल्यावर २.६ ते ३ किलो भरली पाहिजे. दहा किलोचं वजन २६ ते ३० किलोच्या मध्ये. ३२ किलोच्या वर काटा गेला तर पिशवी भरायची नाही.

हाताची परीक्षाही करावी. मूठभर काड घट्ट पिळली की बोटांच्या फटीतून दोन-तीन थेंब यावेत. धार लागली तर ओली, तळहात नुसता दमट झाला तर कोरडी. ओली असेल तर सावलीत, फिनेल न लागलेल्या धुतलेल्या ताडपत्रीवर पातळ पसरावी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा पिळून बघावी. वाऱ्यावर आणि उन्हात पसरू नये, वरून धूळ बसते आणि केलेलं सगळं तापवणं पाण्यात जातं. कोरडी निघाली तर उकळून गार केलेलं पाणी शिंपडावं.

एवढी टोकाटोकी कशासाठी? बुरशीला श्वास घ्यायला प्राणवायू लागतो. काडांच्या मधल्या पोकळीत पाणी भरलं की हवेला जागा उरत नाही, धागे पुढे सरकत नाहीत, आणि हवेवाचून जगणारे जिवाणू माजतात. पिशवीच्या बुडाशी तपकिरी पाणी साठतं आणि आंबूस वास सुटतो. काड कोरडी राहिली तर पिशवी सडत नाही, पण जाळी विरळ येते आणि पहिला बहार, म्हणजे अळिंबीचं पहिलं पीक, हलका जातो. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर किंचित कोरडी भरा. कोरडेपणा पुढे पाण्याने थोडाफार भरून काढता येतो, चिखल काढता येत नाही.

बेड भरणं

काड पूर्ण गार हवी. मनगटाला कोमट लागली तरी थांबावं. पस्तीसच्या पुढे बियाणं भाजतं. पंखा बंद, दारं बंद. हात साबणाने धुऊन स्पिरिट लावावं. बियाण्याचं पाकीट बाहेरून स्पिरिटने पुसून स्वच्छ ताटात दाणे हाताने मोकळे करावेत.

पिशवीत दोन-तीन इंच काडाचा थर, तळहाताने बेताने दाबून, त्यावर कडेकडेने बियाणं. असे चार-पाच थर. मध्यभागी बियाणं थोडं आणि कडेला जास्त, कारण कडेची वाढ दिसते आणि बाहेरून येणाऱ्या बुरशीलाही ती अडवते. एका पिशवीत ओली काड ३ किलो, बियाणं ८० ते ९० ग्रॅम. वर काडाचा पातळ थर देऊन तोंड सुतळीने बांधावं. मग दाभण ज्योतीवर तापवून पिशवीला चहूबाजूंनी २० ते २५ भोकं पाडावीत, त्यातली चार बुडाला, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जाईल. प्रत्येक बेडवर तारीख लिहा. किमान बियाण्याचा लॉट तरी लिहा, नाहीतर बिघाड कुठून आला हे कधीच कळणार नाही.

अंधारातले दिवस

बेड अंधाऱ्या जागी, एकमेकांपासून चार बोटं अंतर ठेवून मांडावेत. थप्पी लावू नये. बुरशी वाढताना उष्णता सोडते आणि पिशवीच्या पोटातलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त असतं. खोली २२ ते २६ वर असेल तर आत सगळं ठीक. खोली तिसावर गेली की आत काय होत असेल ते ओळखा. या काळात बेडवर पाणी मारायचं नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्यांभोवती पांढरी लव दिसते. सातव्या दिवसापर्यंत काहीच दिसलं नाही तर बियाणं मेलेलं होतं किंवा काड गरम होती. १५ ते २० दिवसांत पिशवी दुधासारखी पांढरी आणि दाबल्यावर घट्ट लागते. डिसेंबरात खटाव-माणकडे रात्री गारठा पडतो, तिथे पंचवीस दिवसही लागतात. घाईने उघडू नका.

उघडणं, पाणी, हवा

पत्रकांत पिशवी पूर्ण फाडून काढायला सांगतात. जावळी-महाबळेश्वरच्या दमट हवेत ते चालतं. कोरेगावपासून जतपर्यंतच्या कोरड्या हवेत प्लास्टिक राहू द्यावं आणि ब्लेडने पाच सेंटीमीटरच्या पाच-सहा उभ्या चिरा द्याव्यात. काड सुकत नाही आणि फळं चिरांतून झुपक्याने बाहेर येतात.

आता तीन गोष्टी एकदम बदलायच्या. उजेड: खोलीत वर्तमानपत्र वाचता येईल इतका, दिवसाचे आठ-दहा तास, थेट ऊन नाही. आर्द्रता: ८० ते ९० टक्के. भिंतीला ओली गोणपाटं टांगा, फरशीवर पाणी मारा, कोरड्या दिवशी तीन-चार वेळा. हवा: सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास दोन्ही झरोके उघडे, दहापेक्षा जास्त बेड असतील तर आणखी.

पाण्याचा फवारा धुक्यासारखा बारीक हवा आणि नोझल बेडकडे नाही, वर हवेकडे. टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर असताना त्यांच्यावर थेंब बसले तर ते पिवळे पडून गळतात. आणि एक गोष्ट कितीदा सांगितली तरी कमी: औषध मारायचा पाठीवरचा पंप इथे वापरू नका. तणनाशकाचा किंवा बुरशीनाशकाचा अंश त्याच्या टाकीत राहतोच. फवारणीचा नवा छोटा हातपंप फक्त या खोलीसाठी ठेवा.

उघडल्यावर चार-पाच दिवसांत अंकुर, त्यानंतर तीन-चार दिवसांत काढणी.

काढणी

छत्रीची कड अजून किंचित खाली वळलेली असताना काढावी. कड सपाट होऊन लाटेसारखी झाली की उशीर झाला. वजन थोडं वाढतं, पण चव जाते आणि बीजाणूंचा पांढरा धुरळा उडायला लागतो. तो रोज छातीत गेला तर खोकला आणि दम लागण्याचा त्रास होऊ शकतो. दम्याचा त्रास असणाऱ्याने काढणी करू नये, इतरांनी मास्क लावावा. काढण्याच्या आधी काही तास पाणी बंद ठेवावं. अख्खा झुपका मुळाशी धरून पिळा देऊन काढावा. उरलेला बुंधा खरवडून टाकला नाही तर तिथेच सडतो. धुऊ नये. भोकांच्या पिशवीत, फ्रीजमध्ये तीन दिवस छान राहते. गिऱ्हाईक नसेल त्या दिवशी वाळवावी. दहा किलोची एक किलो होते.

आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन बहार मिळतात. दहा किलो कोरड्या काडावर पहिल्या खेपेत पाच-सहा किलो ताजी अळिंबी मिळाली तर समाधान मानावं. हात बसल्यावर सात-आठ किलो येते. निम्म्याहून जास्त माल पहिल्या बहारातच येतो. तिसऱ्याची वाट बघत आजारी बेड खोलीत ठेवणं महागात पडतं.

बिघडतं तेव्हा

हिरवा डाग म्हणजे बहुतेक वेळा ट्रायकोडर्मा. हळद आणि द्राक्ष करणाऱ्याला हे नाव पाठ असतं, कारण कंदकुज आणि मूळकुज रोखायला तोच शेणखतात मिसळून टाकतात. शेतात तो मित्र आहे, कारण तो दुसऱ्या बुरश्या खातो. धिंगरीही त्याच्या लेखी दुसरी बुरशीच. ट्रायकोडर्माचं पोतं हाताळलेल्या दिवशी अंघोळ करून, कपडे बदलल्याशिवाय मशरूमच्या खोलीत पाऊल ठेवू नये, आणि ते पोतं खोलीशेजारच्या पडवीत तर अजिबात नको. डाग नाण्याएवढा असेल तर त्यावर चुन्याची निवळी भिजवलेला कापूस दाबून बेड वेगळा ठेवावा. तळहाताएवढा झाला की बेड बाहेर, न उघडता. जवळपास सगळ्या बेडवर एकदम हिरवं आलं तर दोष तापवण्यात आहे. एक-दोन बेडवर आलं तर हाताळणीत.

नारिंगी-गुलाबी पीठ फुटलं तर थांबू नका. ती बुरशी एका रात्रीत खोलीभर उडते. पिशवी ओल्या कापडात गुंडाळून बाहेर न्या आणि जाळा किंवा पुरा.

लांब दांडे आणि बारीक छत्र्या आल्या तर हवा कमी पडते आहे. झरोके उघडा. अंकुर येऊन सुकले तर वारा थेट बेडवर येतो आहे किंवा आर्द्रता कमी आहे. छत्र्यांवर पिवळट चिकट डाग म्हणजे पाणी साठून राहिलं. पाणी दिल्यावर तासाभरात छत्री कोरडी झालेली दिसली पाहिजे. बारीक काळ्या माश्या दिसल्या तर जाळी तपासा आणि भाजीपाल्यात लावतात तसे पिवळे चिकट सापळे लावा. खोलीत कीटकनाशक मारायचं नाही. दुसरा बहार लांबला आणि बेड हाताला हलका लागला तर थंड स्वच्छ पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून निथळू द्यावा.

कधी बेडमधून बारीक दांड्याच्या करड्या छत्र्या निघतात आणि दुसऱ्या दिवशी काळी शाई होऊन गळतात. काड जास्त ओली होती किंवा नीट तापली नव्हती, याची ती खूण. त्या उपटून टाका. धिंगरीखेरीज बेडवर जे काही उगवेल ते खायचं नाही, मग ते बांधावरच्या पावसाळी अळिंबीसारखं कितीही दिसो.

उरलेली काड

तीन बहारांनंतर बेड निम्म्याहून हलका होतो. प्लास्टिक वेगळं काढून काड गांडूळखताच्या वाफ्यात किंवा खताच्या खड्ड्यात घालावी. मऊ झालेली असल्याने ती लवकर कुजते. हे काम खोलीच्या दाराशी करू नये, माश्या तिथूनच पुढच्या खेपेत शिरतात. खोली झाडून, धुऊन, चुना मारून आठवडाभर उघडी व कोरडी ठेवावी, आणि नवं बियाणं त्यानंतरच मागवावं.